मासा लई खाली हाय

भंडारदऱ्याच्या धरणावर त्रेचाळीस साली सरकारी नाव एकच होती आणि तिच्यात दोन माणसं बसत. तिसरा बसला की मग नावच बसे.

दोनांपैकी एक जागा इंजिनियर मॅकिनन साहेबाची. तिच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. भानगड होती ती दुसऱ्या जागेची.

ती जागा दोन वर्षं नृसिंह कारकुनाकडे होती. नृसिंह मूळचा शेवगावकडचा. तिकडे पाणी म्हणजे हंड्यात असतं तेवढंच. बदली होऊन इथे आल्यावर दोन डोंगरांच्या मधे मैलच्या मैल पसरलेलं पाणी पाहिलं, तेव्हा त्याला आधी वाटलं की कुणाचं तरी फार मोठं पिंप फुटलं असावं. अशा माणसाला साहेबानं एका रविवारी "नरसिंग, बस" म्हणून नावेत घेतलं. वल्ही साहेब स्वतःच मारी, त्याला ती हौस होती. नृसिंहाला फक्त बसायचं आणि मधूनमधून "येस सर" म्हणायचं काम. दोन्ही कामं त्याला उत्तम येत. दर सोमवारी तो सासऱ्यांना पत्र टाकी, "काल साहेब व मी जलविहारास गेलो होतो." सासरे ते पत्र शेवगावात इतक्या जणांना वाचून दाखवत की ते घडीवर फाटे.

साहेब नावेतून मासे धरी. तो स्कॉटलंडचा. तिकडे सामन नावाचा मासा असतो आणि तिथली बरी माणसं त्याच्यापायी वाया जातात. साहेब दिवसातून दहा वेळा सामन सामन करी, गावाला ते सामान ऐकू येई. त्यामुळे शेंडी गावाची पक्की समजूत होती की साहेबाचं काहीतरी सामान धरणात पडलंय आणि बिचारा दर रविवारी गळ टाकून ते शोधतो. धरणात सामन नव्हताच. होता तो खडस, मोठाल्या खवल्यांचा, चांगला ताकदवान मासा. परदेशात माणूस भागवून घेतो तसं साहेब त्याच्यावर भागवी.

गळाला गांडूळ लावणं साहेबाला कमीपणाचं वाटे. तो पिसं बांधून खोटी माशी करी आणि माशीनं मासा धरी. पण खरी मेख दोरीत होती. दोरी रेशमी. तिला चरबी चोळली की ती तरंगे, आणि माशी वरच्या पाण्यात फिरे. तीच पुसून कोरडी ठेवली की पाणी पिऊन बुडे, आणि माशी तळाकडे जाई. मासा कुठे आहे ते ओळखून दोरी ठरवायची. बुडती की तरती, ह्या प्रश्नावर साहेब रविवारी सकाळी जेवढं डोकं खाजवी तेवढं आठवडाभर धरणावरही खाजवत नसे.

त्यात लढाई चालू. विलायतेहून चरबीची डबी यायची ती येईना. तरंगवणारी चरबी घेऊन निघालेलं जहाज बुडालं, ह्याचं साहेबाला फार लागलं. तेव्हा नृसिंह पुढे झाला. म्हणाला, "सर, माझ्या घरी तूप आहे."

"साहेबाच्या दोरीला साजूक तूप," त्याची बायको दमयंती म्हणाली, "आणि माझ्या वरणभाताला?"

"अगं, सरकारी काम आहे."

"मग सरकारला म्हणावं एक म्हैसही बांध दारात."

तरी वाटी गेली. तुपातली दोरी सुरेख तरंगली. मासा मात्र लागेना. तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी काठावर छगन बैल धूत होता. छगनचं शेत धरणाच्या पलीकडच्या अंगाला, पाण्याला लागूनच. त्यानं बैलाच्या पाठीवरून साहेबाची तुपाळ दोरी पाहिली आणि म्हणाला, "पंत, साहेबाला म्हनावं, आज तूप घरी खावा. मासा खाली हाय."

हे तो दोन्ही हात काखेत घालून बोलला. काकडीच्या कळीला बोट दाखवलं की ती कुजते, तसं माशाला दाखवलं की तो निघून जातो, असं त्याचं म्हणणं. पाण्यासमोर उभा राहिला की तो हात काखेतून काढतच नसे.

नृसिंहानं इमानानं भाषांतर केलं, "सर, तो म्हणतो मासा तळाशी आहे, दोरी बुडती हवी." आयुष्यात त्यानं पुष्कळ भाषांतरं केली, पण इतकं महागात कुठलंच पडलं नाही. साहेबानं दोरी पुसली, बुडू दिली, आणि अर्ध्या तासात अठरा रत्तलांचा खडस नावेत आला.

पुढच्या रविवारी साहेब म्हणाला, "नरसिंग, ऊठ. छगन, बस."

तेव्हापासून असं चाले. काठावर छगन पाणी बघून सांगायचा, नृसिंह त्याचं इंग्रजी करायचा, साहेब दोरीला तूप लावायचा किंवा पुसायचा, आणि मग ते दोघं निघून जायचे. काठावर नृसिंह, छत्री आणि वाटी.

हेवा नृसिंहाला पूर्वी माहीत नव्हता असं नाही. पण पूर्वीचा हेवा हेडक्लार्कच्या खुर्चीचा वगैरे, म्हणजे ऑफिसच्या वेळात होणारा. हा रविवारचा होता, सुटीच्या दिवशीही कामावर येई. छगन नावेत पाय पसरून कसा बसतो, ते त्याला काठावरून दिसे. साहेब छगनला बिस्किट देई तेही दिसे. हेच बिस्किट नृसिंहानं दोन वर्षं धर्म बुडेल म्हणून नाकारलं होतं. आता छगननं ते खाल्लं की नृसिंहाला वाटे, आपल्याच पानातलं उचललं. छगन दोन खाई. दुसरं बिस्किट नृसिंह मोजी.

सोमवारी पत्र लिहायला बसला की "काल साहेब व" पर्यंत लेखणी जाई आणि तिथेच वाळे.

"बाबांचं पत्र आलंय," दमयंती म्हणाली. "विचारतायत जावईबापू आजारी का. काय कळवू? काठावर उभे असतात म्हणून?"

"काही कळवू नकोस."

"उभ्यानं पाय दुखतात का, तेही विचारतील."

त्या दुपारी नृसिंहानं विचार केला. खोटं भाषांतर करावं का? मासा खाली म्हटलं की वर आहे म्हणून सांगावं, दोन रविवारांत छगनची अब्रू जाईल. पण हे त्याला पटेना. खोटं भाषांतर म्हणजे खोटी नक्कल, आणि खोटी नक्कल त्याच्या घराण्यात तीन पिढ्यांत कुणी दिली नव्हती. भाषांतर न करणं ही मात्र वेगळी गोष्ट. ती रजेत मोडते.

पुढच्या रविवारी तो गळ्याला मफलर गुंडाळून काठावर आला आणि साहेबाला चिठ्ठी दिली. चिठ्ठीत इंग्रजीत लिहिलं होतं की घसा पुढील सूचनेपर्यंत बंद आहे.

साहेबाला हिंदुस्थानी पंचवीसएक शब्द येत. सगळे खानसाम्याकडून शिकलेले. साहेब वळून म्हणाला, "छगन! मच्छी?"

चैत्राचं ऊन लागलं होतं. वरचं पाणी तापलेलं. छगन हात काखेत घालून म्हणाला, "खाली हाय, साहेब."

"खाली?"

"व्हय. लई खाली."

खानसाम्याच्या पंचवीस शब्दांत "नीचे" नव्हता. "खाली" मात्र होता, कारण बाटली खाली, म्हणजे रिकामी, झाली की खानसाम्याला ते सांगावं लागे, आणि ते बऱ्याचदा सांगावं लागे. साहेबानं धरणाकडे बघितलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, जरा वेळ उभा राहिला, मग टोपी घातली, गळाच्या काठीचे तीन तुकडे सोडवून पिशवीत भरले आणि बंगल्याकडे चालू लागला.

"आरं, हे चाललं कुठं?" छगन म्हणाला. "पंत, काय झालं ह्याला?"

नृसिंहानं मफलरकडे बोट दाखवलं.

असे चार रविवार झाले. दर रविवारी ऊन वाढलेलं, मासा आणखी खाली गेलेला, साहेब आणखी लवकर परतलेला. नाव काठावर पालथी. नृसिंहाचा घसा रविवारपुरता बंद ठेवून चालण्यासारखं नव्हतं, म्हणून तो ऑफिसात खुणांनी बोले आणि घरीही खुणांनी. दमयंती म्हणाली, "वैद्याला बोलावू नका हं. जरा राहू दे असंच."

छगन आता नावेत बसत नव्हता, ही गोष्ट खरी. पहिले दोन रविवार नृसिंहाला तेवढ्यावर बरी झोप लागली. मग लक्षात आलं की आपणही बसत नाही. जागा नुसती रिकामी होती, आणि रिकाम्या जागेचा हेवा तरी करणार कसा? तरी तो करून पाही.

चौथ्या रविवारनंतरच्या सोमवारी साहेबानं त्याला टंकयंत्रावर बसवलं आणि नगरच्या वरिष्ठांना पत्र सांगायला घेतलं. खालीलप्रमाणे: ह्या धरणातले मासे संपले आहेत. आपल्या अवतीभवतीच्या माणसांनी आपल्याला खूश करण्यासाठी मासे अजून भरपूर आहेत असंच भासवलं. एकच माणूस, एक साधा शेतकरी, दर रविवारी तोंडावर खरं बोलला. सबब लढाई संपताच सामनची अंडी बर्फात घालून मागवावीत, आणि तोवर ह्या सत्यवचनी इसमाला मत्स्यनिरीक्षक नेमून लाल पट्टा, पितळी बिल्ला आणि बसायला एक कॅनव्हासची घडीची खुर्ची द्यावी.

नृसिंह टाईप करत गेला. सामनच्या अंड्यांपर्यंत हात नीट चालला. लाल पट्ट्याशी अडखळला. बिल्ला त्यानं तीनदा टाईप केला, तिन्ही वेळा निराळा. खुर्चीपाशी आला तेव्हा ज्या घशातून महिनाभर हुं की चूं निघालं नव्हतं, त्यातून एकदम निघालं, "सर! खाली म्हणजे तळाशी!"

साहेबानं सिगारेट खाली ठेवली. "तुझा घसा?"

"आत्ताच सुटला, सर. मराठीत खाली म्हणजे तळाशी. मासे आहेत, सर. सगळे तळाशी आहेत. तो दर रविवारी दोरी बुडती ठेवा असंच सांगत होता."

"आणि हे तुला ठाऊक होतं?"

खोटी नक्कल घराण्यात नव्हती. "येस सर," नृसिंह म्हणाला. आयुष्यात इतकं जड "येस सर" त्यानं उचललं नव्हतं.

छगनला बोलावणं गेलं. तो आला, सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "मंग मी चार ऐतवार बोंबलत काय हुतो? मला वाटलं, साहेब खालच्या माशाला भ्यातो!"

"काय म्हणतो?" साहेबानं विचारलं.

"म्हणतो की गैरसमज झाला, सर."

साहेब नृसिंहाकडे वळला. नृसिंहानं मनातल्या मनात आपली बदली शेवगावच्याही पलीकडे, जिथे हंड्यातही पाणी नसतं अशा ठिकाणी करून टाकली.

"का?" साहेब म्हणाला.

नृसिंहाला बरीच कारणं सुचली होती. प्रकृतीचं होतं, व्याकरणाचं होतं. पण तोंडातून आलं ते असं, "सर, मला नावेत बसायचं होतं."

छगनला इंग्रजी येत नव्हतं, पण हे त्याला चेहऱ्यावरून कळलं. "एवढंच?" तो म्हणाला. "अवो पंत, आदी बोलायचं की! मला कुठं बसायचंय त्या काठवटीत? नाव हालली का माजं सारं पोट तोंडाशी येतं. ती दोन बिस्किटं मी जीव मुठीत धरून खातो, पोटात कायतरी वजन ऱ्हावं म्हनून. तुमी 'साहेबाचा हुकूम' म्हनलात, म्हनून बसलो. बसा तुमी, खुशाल बसा!"

नृसिंहाला हे भाषांतर करताना फार त्रास झाला. जी जागा मिळावी म्हणून तो महिनाभर मुका झाला होता ती समोरच्यानं अशी टाकून दिली होती, चोथा टाकावा तशी. पण त्यानं शब्दन् शब्द इमानानं सांगितला, पोटासकट.

साहेब हसला नाही. त्यानं यंत्रातला कागद ओढून काढला, सामनच्या अंड्यांवर काट मारली आणि बाकीचं पत्र तसंच ठेवलं. पाणी वाचणारा माणूस पाण्यावरच पाहिजे असं थोडंच आहे, तो म्हणाला. निरीक्षक काठावरून निरीक्षण करील. नरसिंग नावेत बसेल.

मंजुरी यायला दोन आठवडे लागले.

त्या रविवारी छगननं हात काखेत घालून "खाली" म्हटलं, नृसिंहानं खणखणीत आवाजात त्याचं "बॉटम, सर" केलं, साहेबानं दोरी कोरडी पुसली आणि नृसिंह नावेत चढला. दुसऱ्या जागेवर बसला. फळी पूर्वीइतकीच कठीण होती. साहेब वल्ही मारत होता. एकदा त्यानं बिस्किटाचा डबा पुढे केला. नृसिंहानं धर्माला महिन्याभराची रजा देऊन एक घेतलं. ते जुन्या पुठ्ठ्यासारखं लागलं.

ऊन थेट डोक्यावर होतं. छत्री काठावर राहिली होती. नृसिंहानं मान वळवून पाहिलं. काठावर छगन कॅनव्हासच्या खुर्चीत पाय पसरून बसला होता, लाल पट्टा छातीवर, नृसिंहाचीच छत्री डोक्यावर. खानसामा बंगल्यावरून चहाचा कप घेऊन त्याच्याकडे उतरत होता. चहा, पेल्यात नव्हे, कपात. बशीसकट.

"नरसिंग!" साहेब ओरडला. "मासा! मासा लागला! जाळी दे!"

"येस सर," नृसिंह म्हणाला. पण त्याची मान काही वळली नाही. खुर्चीला हात होते की नव्हते, ते इतक्या लांबून त्याला नीट दिसत नव्हतं.