बाभळीची पाचर

कोंडीरामने कागद टेबलावरून परत सरकवला आणि पेनाला टोपण लावलं.

"सही करणार न्हाई."

सुपरवायझर उद्धवरावांनी उडणाऱ्या कागदावर हात ठेवला. "वाचलंस तरी का? तू नुसता साक्षीदार. जयसिंगने मशीन स्वतःच्या मनाने ॲडजस्ट केलं, एवढंच लिहिलंय."

जयसिंग म्हणजे कोंडीरामच्या धाकट्या बहिणीचा, कस्तुराचा नवरा. गेल्या सोमवारी पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. या कागदावर सही झाली की चूक त्याची. मग भरपाई नाही आणि नोकरीही नाही. दुपारी सरकारी इन्स्पेक्टर चौकशीला येणार होते.

ॲडजस्ट! कोंडीरामच्या डोक्यात तिडीक गेली. भोसरीच्या या वर्कशॉपात नऊ वर्षांत त्याने स्वतःचं नावसुद्धा इतक्यांदा ऐकलं नसेल. बदली माणूस आला नाही, दुसरी शिफ्ट ॲडजस्ट कर. बायको बाळंत झाली, रजा पुढच्या महिन्यात ॲडजस्ट कर. दिघीत भाड्याने राहणाऱ्या पोरांच्या खोलीत आधीच सहाजण, घरमालक सातवा आणून उभा करतो आणि वर म्हणतो, ॲडजस्ट करा. सांगणाऱ्याने स्वतः कधी काही ॲडजस्ट केल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. करायचं दुसऱ्याने आणि निस्तरायचंही त्यानेच.

प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी दोन्ही दाबल्याशिवाय ती खाली येत नसे, म्हणजे हात आपोआप बाहेर राहत. पण त्यात वेळ जाई. म्हणून उजव्या बटणात लाकडाची पाचर ठोकायची. मग डाव्या हाताने दाबायचं आणि उजव्याने पत्रा सरकवत राहायचं. तीन वर्षं अख्खी शिफ्ट असंच काम करत होती. इन्स्पेक्टर येणार असले की तेवढ्यापुरत्या पाचरी निघत.

"तीन वर्सं तुमी रोज हितनंच जात व्हता," कोंडीराम म्हणाला. "प्रॉडक्शन वाढलं तवा पेढं कुनी वाटलं? आता म्हनं, त्यानं मनानं केलं!"

"आवाज खाली."

"का म्हनून? मानसाची बोटं गेली आन् तुमी हात झटकता? लाज कशी वाटत न्हाई?"

उद्धवराव चिडले नाहीत. त्यांनी खण उघडला आणि एक पाचर काढून कागदावर ठेवली. बाभळीची, बोटभर लांब, एका अंगाने तासलेली. धरताना हाताला लागू नये म्हणून कडा घासून गुळगुळीत केलेल्या.

"सांग माझं नाव खुशाल. पण ही कुणी केली, तेही सांगावं लागेल. तुझी नोकरी जाईल."

कोंडीरामने पाचर ओळखली.

बासष्टला त्याचं शेत या औद्योगिक वसाहतीत गेलं, तेव्हापासून कुळव घरामागे पडून होता. सांगितलं उद्धवरावांनी, पण कुळवाच्या दांडीतून पाचरी काढल्या होत्या कोंडीरामनेच, ओट्यावर बसून, अगदी हौसेनं. पहिल्या दिवशी जयसिंग बिचकला, तेव्हा त्याचा हात धरून म्हणालाही होता, "दाजी, भ्यायचं न्हाई. असं ॲडजस्ट करायचं."

हे त्याला आठ दिवस आठवत होतं. दवाखान्यात कस्तुराने "दादा, असं कसं झालं?" विचारलं, तेव्हा तो उद्धवरावांना शिव्या देत बसला होता. आताही शिव्या आठवत होत्या, पण त्या कुणाला द्यायच्या ते कळेना. राग मात्र तेवढाच होता.

बाहेर जीप थांबली. उद्धवरावांनी घाईने पाचर उचलायला हात पुढे केला. त्याआधी कोंडीरामने ती मुठीत घेतली आणि दाराशी गेला.

"साहेब," त्याने इन्स्पेक्टरांसमोर मूठ उघडली. "जयसिंगनं न्हाई. ह्यांनी सांगितलं आन् म्या केली. त्याला म्याच शिकवलं. लिवून घ्या."

इन्स्पेक्टरांनी पाचर फिरवून पाहिली. अंगठा गुळगुळीत कडेवरून गेला.

"कशासाठी हे?"

तोंडात तोच शब्द आला होता. कोंडीरामने तो गिळला.

"एका हातानं काम व्हावं म्हनून," तो म्हणाला.