जेवायचा हात

डॉमिनिका. डॉमिनिकन रिपब्लिक नव्हे हो, नुसतं डॉमिनिका! राधिकाच्या घरच्यांचा निम्मा जन्म हे सांगण्यातच गेला होता. कॅरिबियन समुद्रातलं एवढंसं बेट, अख्ख्या देशाची माणसं नागपूरच्या दोन-चार वस्त्यांत मावतील. बाबा तिथल्या मेडिकल कॉलेजात शिकवत असताना तिचा धाकटा भाऊ परीक्षित तिथे जन्मला. पुढे सगळे मिशिगनला, ट्रॉयला आले, पण पठ्ठ्या गोलकीपर झाला तो त्या बेटाचाच.

एरवी गाड्यांच्या कंपनीत कोडिंग, मॅच आली की सुट्टी टाकून विमान. पहिल्याच मॅचला त्याने नऊ गोल खाल्ले होते. पुढे कधी चार, कधी दोन. पण एकही गोल न खाता मैदानाबाहेर आला, असं इतक्या वर्षांत एकदाही झालं नाही. "एकदा तरी झीरो, ताई," तो म्हणायचा. "वन क्लीन शीट. मग मी सुखाने रिटायर होतो."

आज न्यू जर्सीत त्याची शेवटची मॅच होती. समोर कितीतरी मोठा देश, आणि संपायला जेमतेम पाच मिनिटं उरली तरी शून्य-शून्य! गोलच्या मागे पहिल्याच रांगेत राधिका बसली होती, जीव मुठीत धरून. शेजारी आई. आईची रामरक्षा तिसऱ्यांदा सुरू झाली होती.

आणि तेवढ्यात माशी शिंकली. डॉमिनिकाच्या बचावातल्या एका शहाण्याने काही कारण नसताना चेंडूला हात लावला. पेनल्टी.

"मेल्या, तुझे हात बांधून ठेवायला हवे होते!" आई जाहीरपणे ओरडली. कुणाला कळलं नाही म्हणून बरं.

राधिकाचं मात्र लक्ष चेंडू ठेवणाऱ्या नऊ नंबरकडे गेलं. या लंबूला ती ओळखत होती! इथेच न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला, ती कॉलेजच्या गोलकीपरांना शिकवायची, आणि हा तिथेच खेळून गेला होता. त्याची खोड तिला पाठ होती. घाबरला की तो गोलकीपरच्या उजव्या हाताला मारायचा. आणि आत्ता तो ओठ चावत होता. म्हणजे घाबरला होता!

इंग्रजीत ओरडावं तर त्यालाही ऐकू जाणार. पण मराठी? या मैदानात मराठी कळणारी माणसं तीनच.

"परी!" ती कठड्याला रेलून किंचाळली. "उजवीकडे! तुझ्या उजव्या हाताला!"

परीक्षितने मान वळवून बघितलं. समजलं, अशा खुणेने त्याने एक ग्लोव्ह मांडीवर आपटला.

डावा.

अरे देवा! लहानपणी आईने दोघांना शिकवलं होतं, जेवतो तो हात उजवा. राधिका शिकली. पण परीक्षित डावखुरा! तो तर आजही डाव्या हाताने जेवतो, म्हणजे त्याच्या लेखी 'उजवा' तोच! घरात सगळा कारभार 'लेफ्ट-राइट'चा, त्यामुळे हा घोळ इतक्या वर्षांत कधी कुणाच्या लक्षातच आला नव्हता.

"दुसरा! परी, दुसरा हात!" पण शिट्टी झाली होती आणि प्रेक्षकांतले ढोल वाजायला लागले होते. "राइट! युवर राइट!" आता लंबूने ऐकलं तरी तिला पर्वा नव्हती. घसा फाटेस्तोवर ती ओरडली. तिचं तिलाच ऐकू आलं नाही.

नऊ नंबर धावला. परीक्षितने डावीकडे झेप घेतली, सुंदर, पूर्ण अंग ताणून. चेंडू उजवीकडून जाळीत गेला.

एक-शून्य. तिथेच संपलं.

डॉमिनिकाहून येऊन न्यूयॉर्कात नोकऱ्या करणारी माणसं उभी राहून त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होती. राधिकाला उठवेना. तिला रडू येत होतं आणि स्वतःचा भयंकर राग येत होता. 'राइट' एवढा एक शब्द आधीच म्हणायला काय झालं होतं तिला?

परीक्षित कठड्यापाशी आला. डोळे लाल, केसांत गवत.

"तू उजवीकडे म्हणालीस ना, ताई?" त्याने डावा हात वर केला. "त्याने दुसरीकडे मारला, यार."

"अरे, पण हा हात तर..." आई बोलायला लागली. राधिकाने तिचं मनगट इतक्या जोरात दाबलं की आई कळवळून गप्प झाली.

क्षणभर राधिकाच्या तोंडाशी सगळं आलं. सांगितलं तर ती खरी ठरणार होती. आणि हा? चेंडू कुठे येणार हे कळूनही आपण उलट उडी मारली, हे डोक्यात घेऊन जन्मभर झोपणार होता.

"माझाच अंदाज चुकला रे," ती म्हणाली. "सॉरी."

"इट्स ओके." तो चक्क हसला. "तू सांगितलंस तिकडेच गेलो ना मी? मग नो रिग्रेट्स."

"हो," राधिका म्हणाली. "तू अगदी उजवीकडेच गेलास."