प्लग मी काढणार

“गेल्या वर्षीचा स्कॅन सापडत नाही, म्हणजे काय?” पेशंट मुलीच्या आईनं वहिनीला विचारलं.

स्कॅन सेंटर वहिनीचं होतं, चित्रं वाचून निदान करणारी डॉक्टरही तीच. कारभार मात्र धाकट्या दिराकडे, आणि तो हाक मारायचा म्हणून सगळेच तिला वहिनी म्हणत. गेल्या आठवड्यात गच्चीवरची टाकी फुटली आणि कॉम्प्युटरच्या खोलीत गुडघाभर पाणी शिरलं. जुने स्कॅन सगळे त्यात गेले. मुलीच्या डोक्यातली गाठ वर्षभरात वाढली की तेवढीच राहिली, हे जुनं चित्र शेजारी ठेवल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नव्हतं.

“मग डोकं उघडायचं की थांबायचं, हे मी कुणाला विचारू?”

सर्जननं तीन महिने थांबून पुन्हा स्कॅन काढायचं ठरवलं. म्हणजे तीन महिने त्या बाईनं जीव मुठीत धरून जगायचं. ती निघून गेली आणि वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कारण प्रती असायलाच हव्या होत्या. दिराच्या मित्राची कंपनी त्यासाठीच तर नेमली होती. रोज तुमच्या स्कॅनची प्रत दुसऱ्या शहरात जाते. पूर येवो, आग लागो, आम्ही तुम्हाला लगेच उभं करू, असं तो छातीठोकपणे सांगायचा. प्रत्यक्षात प्रती जायच्या केव्हाच बंद पडल्या होत्या. कुणी उघडून बघितलंच नव्हतं.

नवी कंपनी निवडायला बसले, तर पहिल्या खुर्चीत तोच मित्र!

“याला कुणी बोलावलं?”

“वहिनी, चूक झाली हे तो मान्य करतोय,” दीर म्हणाला. “आता नवी यंत्रणा आणलीये त्यानं. आपल्या माणसाला एक संधी...”

“आपला माणूस म्हणूनच तुम्ही त्याला कधी तपासलं नाहीत, भावोजी. परका असता तर कान धरला असता.”

मित्र ओशाळं हसला. “अहो, टाकी काय मी फोडली?”

“टाकी नाही तर वायर जळेल. काहीतरी होणारच! त्याच दिवसासाठी तुला ठेवलं होतं. पावसात न उघडणारी छत्री घेऊन मी काय करू, टेकायला वापरू?”

मग तिनं अट घातली. ज्याला काम हवं त्यानं आधी प्रती घ्यायच्या. नंतर सेंटर बंद असताना ती स्वतः स्कॅन साठवणाऱ्या नव्या सर्व्हरचा प्लग काढणार, आणि ती म्हणेल त्या पेशंटचा स्कॅन त्यानं प्रतीतून उघडून दाखवायचा.

“असं कुणी करतं का?” मित्र दिराकडे बघत म्हणाला आणि चहा अर्धा टाकून उठला.

दुसरा मोठ्या कंपनीचा माणूस. बूट चकचकीत, बोलणं त्याहून. “मॅडम, चाचणी करारानंतर. वर्षातून एकदा.”

“म्हणजे बुडाल्यावर कळणार, तुम्हाला पोहता येतं की नाही ते.”

तिसरी एका लहानशा कंपनीची मालकीण होती. तिनं प्रस्तावना केली नाही, हसलीही नाही. “काढा प्लग,” एवढंच म्हणाली.

प्रती घेऊन झाल्यावर एका रविवारी वहिनीनं प्लग काढला. पडदे काळे झाले. मालकीण आपल्या कॉम्प्युटरवर वाकून बसली, आणि बऱ्याच वेळानं पडद्यावर मेंदूचं चित्र आलं.

“आलं! वहिनी, आलं की!” दीर ओरडला.

“थांबा,” मालकीण म्हणाली. “चित्र तुम्ही मागितलेलं आहे, वरचं नाव भलत्याचं आहे. आम्ही नापास. आज आमच्याशी करार करू नका.”

वहिनीचा तोल सुटला. साठलेलं सगळं तिनं त्या बाईवर ओतलं. “एकाच्या गाठीवर दुसऱ्याचं नाव? कळतंय का तुम्हाला? कुणाचं डोकं उघडतील लोक! सगळे एकाच माळेचे मणी तुम्ही!”

मालकीण उभी राहून ऐकत होती. “ओरडा,” ती म्हणाली. “आज ओरडलेलं चालेल. पेशंट टेबलावर असताना कळलं असतं, तर ओरडूनही उपयोग नव्हता.”

वहिनीचा राग उतरला नाही, पण तिनं मालकिणीला चूक सुधारून पुन्हा यायला सांगितलं. चूक झाकायचं सोडून आपणच बोट ठेवणारं माणूस तिला या सगळ्या प्रकरणात पहिल्यांदाच भेटत होतं.

दुसऱ्या खेपेला तिनं मनाला येतील तेवढे स्कॅन उघडायला लावले. नाव न् नाव जुळलं. काम मालकिणीला मिळालं, आणि दर महिन्याला प्लग काढायचं ठरलं. तो दिरानं काढायचा.

“मी का?” तो फणकारला. मित्रानं घरी येणं बंद केल्यापासून तो वहिनीशी कामापुरतंच बोलत होता.

“तुम्हाला कुणावर तरी राग काढायचाच आहे. प्लगवर काढा.”

पहिल्याच महिन्यात तो तोंड वाकडं करून खोलीत गेला. वहिनी आपल्या जागी रिपोर्ट लिहीत बसली. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून त्याचा चढलेला आवाज आला: “एवढा वेळ का लागतोय? आणि एकाच स्कॅननं काय होतंय? अजून चार उघडा. नाही, तुम्ही निवडलेले नकोत. नावं मी सांगतो!”

ती उठली नाही. त्याला ओरडू दिलं.