वरची मूठ

मी धान्याच्या दुकानातली मांजर बोलतेय. वजन या विषयावर बोलायचा हक्क मला आहे, कारण ते मी कमावलंय आणि घालवलंयसुद्धा.

माझा जन्म रिकाम्या पोत्यांच्या ढिगात झाला. मालकांनी मला पहिल्यांदा उचललं ते थेट तराजूच्या पारड्यात ठेवलं. "पावशेरही भरत नाही, पण नजर बघा हिची!" म्हणाले. तेव्हापासून दुकानातले उंदीर माझ्याकडे.

मालकांचा एक रिवाज होता. माप पुरं झालं की वर एक मूठ टाकायची. "गिऱ्हाईक मापानं येतं आणि मुठीनं टिकतं," असं ते येईल त्याला ऐकवत. मालकीणबाई म्हणत, "हात सैल, जीभ त्याहून सैल."

वयात आले तशी मी गळा काढून ओरडू लागले. फरशीवर लोळायची, आणि दारात गिऱ्हाइकांपेक्षा बोके जास्त. शेवटी मालकीणबाईंनी मला टोपलीत घालून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पिल्लं न होण्याचं ऑपरेशन झालं. पोटावरचे केस भादरलेले, गळ्यात तेल ओतायच्या नरसाळ्यासारखा पट्टा; आरशात पाहून मीच दचकले.

निघताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "आता हिची भूक वाढेल आणि गरज कमी होईल. मागेल तेवढं देऊ नका. खाणं मोजून घाला."

"मोजून?" मला न्यायला आलेले मालक हसले. "बाई, आमचा जन्म मोजण्यात गेला!"

खोटं कशाला बोलू? बोक्यांची ओढ गेली, जिवाला स्वस्थता आली, आणि रिकामी झालेली जागा सगळी भुकेनं घेतली. पोट म्हणजे बूड फाटलेलं पोतं. आत्ताच खाल्लेलं असलं तरी मी मालकांच्या पायांशी घोटाळायची आणि जन्माची उपाशी असल्यासारखी बघायची. मालक मात्र शब्दाचे पक्के. दिवसातून चार वेळा माझे मांजरखाद्याचे दाणे छोट्या काट्यावर अगदी काटेकोर तोलत. आणि मग, हाताला सवयच लागलेली, वर एक मूठ टाकत.

सहा महिन्यांत मी गोल झाले.

एका दुपारी भरल्या दुकानात एक थोराड उंदीर फळी आणि भिंतीच्या मधल्या फटीत शिरला. मी झेप घेतली. डोकं गेलं, पुढचे पाय गेले, आणि कमरेशी मी अडकले! मागचे पाय हवेत. मालकीणबाईंनी ओढून काढलं, तोवर गिऱ्हाइकं पोट धरून हसत होती.

मालकीणबाईंचा धाकटा भाऊ दुकानात मदतीला असे. तो म्हणाला, "दाजी, ऑपरेशननं हिची शिकार गेली. ही आता उशी झाली. हिला कुणाला तरी देऊन टाका, मी नवी मांजर आणतो."

मालकांनी माझ्याकडे न बघता पारडं पुसायला घेतलं. ते मला अडकण्यापेक्षा जास्त लागलं.

"नवा माल यायला तीन महिने आहेत," मालकीणबाई म्हणाल्या. "पोती हलतील, उंदीर निघतील, तेव्हा हिची शिकार बघू. तोवर हिला कुणी हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी माझे दाणे तोलताना त्या मालकांच्या पाठीशी उभ्या राहिल्या.

"अहो, माप झालं?"

"झालं की."

"मग ही मूठ कसली?"

"कुठली मूठ?" मालक स्वतःच्या हाताकडे परक्याच्या हातासारखे बघत राहिले.

मालकीणबाईंनी तशा चार मुठी काट्यावर टाकल्या. काटा दिवसभराच्या मापाशी जाऊन थांबला. "ही रोज दोन मांजरांचं जेवतेय! अहो, ती गिऱ्हाईक नाही. कुठं जाणार आहे ती मूठ नाही मिळाली तर?"

पहिले दहा दिवस मी आकांत केला. मालकांचा हात डब्याकडे जायचा, अर्ध्यावर थांबायचा, आणि मग माझ्या पाठीवरून फिरायचा. मालकीणबाई माझे दाणे पोत्यांच्या थप्पीवर इथं दोन, तिथं चार असे ठेवत. खायचं तर चढा! दोरीला बांधलेलं बूच ओढत त्या मला दुकानभर पळवत. हळूहळू माझी कंबर मला परत सापडली.

नवा माल आला त्या दिवशी मेहुणेबुवा टोपली घेऊनच आले. आत दुसरी मांजर. पोती हलली आणि तोच थोराड उंदीर बाहेर उसळून फटीत घुसला. मी त्याच्या मागोमाग. डोकं गेलं, पाय गेले, कंबर... कंबरही गेली! आत जे झालं ते माझं आणि त्याचं. मी उलट्या पावली बाहेर आले आणि तोंडातला ऐवज मेहुणेबुवांच्या बुटावर ठेवला.

"दाजी! अहो, उचला ना हे!"

"का रे? शिकार गेली होती ना हिची?" मालकांचा आवाज चार दुकानं पलीकडे गेला असेल.

"टोपली घरी ने आता," मालकीणबाई भावाला म्हणाल्या. "तिला तूच पाळ. मोजून घाल मात्र."

आज मी काट्याशेजारी, माझ्या जागेवर बसलेय. भूक अजून आहे, ती जायची नाही. एवढं एक सांगते आणि डोळे मिटते. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर तिच्या नजरेला भुलू नका, मापानंच वाढा. वरची मूठ देऊ नका असं मात्र मी म्हणणार नाही. ती मूठ उघडा आणि तिच्या पाठीवरून फिरवा.