सज्ज्याखालची काच

गोजाबाईने केरसुणी बगलेत धरली आणि सज्ज्याखालच्या भिंतीवरच्या काचेवरून बोट फिरवले. बोट कापले. काच मधोमध तडकली होती.

पुन्हा!

टाउन हॉल बांधून साठ-पासष्ट वर्षे झाली होती. खाली दगडी कमानी, सागवानी खांब, आणि वर अर्धगोल सज्जा. तो खास साहेबांच्या मडमांसाठी. गावच्या एकाही बाईने तिथे कधी बूड टेकले नव्हते. गोजाबाई तेवढी चढायची, तीही केर काढायला. साहेब गेले, दारावरची राणीची पाटी गेली, पण सज्जा रिकामाच राहिला. पुढे त्याच्याखाली चीर दिसली. नगरपालिकेच्या ओव्हरसियरने चांदभाई गवंड्याकडून तिच्यावर काचेची पट्टी चुन्यात आडवी बसवून घेतली. भिंत हलली तर काच फुटेल. फुटली की कळवायचे, आणि हॉलला कुलूप.

कुलूप लागले की जिन्याखालची खोलीही गेली. गोजाबाईचा नवरा इथे शिपाई होता. नऊ वर्षांपूर्वी तो वारल्यावर झाडलोटीच्या बदल्यात ती खोली तिला मिळाली होती. डोक्यावर दुसरे छप्पर नव्हते. म्हणून महिन्यापूर्वी काच फुटली तेव्हा तिने नवऱ्याच्या तसबिरीची काच काढली, तिचा तुकडा चुन्यात बसवला आणि तोंड बंद ठेवले.

आज सज्ज्यात महिला मंडळाची पहिली सभा होती. नगरपालिकेत सांगावे म्हणून गोजाबाई तीनदा हॉलच्या दारापर्यंत गेली आणि तीनदा माघारी आली. तेवढ्यात शेजारच्या कुरुळीहून बैलगाड्या आल्या. बायकांनी जिन्यापाशी चपला काढल्या आणि हसत, एकमेकींना पुढे ढकलत त्या वर गेल्या. चाळीसएक तरी असतील.

चांदभाई सभेत लावायच्या तसबिरीसाठी खुंटी ठोकायला आला होता. भिंतीपाशी तो थबकला. काचेचा सुटलेला तुकडा त्याने तळहातावर घेतला.

"ही माझी न्हाई. मी सोड्याच्या बाटलीची हिरवी लावली व्हती."

गोजाबाईने कापलेले बोट पदरात गुंडाळले.

"माझी कवा फुटली?"

"म्हयना झाला."

चांदभाईने चिरेत बोट घातले. ते पेरभर आत गेले. वर कुणीतरी बाक ओढला, आणि त्याच्या मनगटावर चुन्याची भुकटी पडली.

"आरडू नका," तो पुटपुटला. "समद्या एकदम पळाल्या तर सज्ज्यासकट खाली येतील. एकेक उतरवा. चालत."

गोजाबाई जिन्याकडे वळली. नगराध्यक्षांच्या पत्नी कौशल्याबाई हळदीकुंकवाचे तबक घेऊन नुकत्याच जिन्याशी आल्या होत्या. गोजाबाईने सगळे सांगून टाकले. महिनाभर लपवले, तेही. कौशल्याबाईंचा चेहरा उतरला. त्या क्षणभर हातातल्या तबकाकडे पाहत राहिल्या. मग वर तोंड करून त्यांनी गोड आवाजात हाक दिली.

"अगं बायांनो, आधी हळदीकुंकू घेऊन जा! एकेकीनं या गं, जिना अरुंद आहे."

बायका उतरू लागल्या. एक वाकली, कुंकू लावून घेतले, चपला घालून अंगणात गेली. मग दुसरी. मग तिसरी. गोजाबाई सवयीने तबकापासून लांब, खांबाआड उभी राहिली. तिची नजर चिरेवरून हलत नव्हती. प्रत्येक पावलाला ती मनात देवाचा धावा करत होती. वर तुळई करकरली आणि जिन्यातली बाई दचकून थांबली.

"जुनं लाकूड आहे, बोलायचंच," कौशल्याबाई हसून म्हणाल्या. त्यांनी तबक तिच्यापुढे धरले.

अखेर जिना मोकळा झाला. पाऊल वाजेना. कौशल्याबाईंनी सुस्कारा सोडला. चांदभाईने डोक्यावरची टोपी काढून कपाळ पुसले.

"वाचलो," तो म्हणाला.

गोजाबाईनेही डोळे मिटले. उघडले तेव्हा नजर जिन्यापाशी गेली. तिथे अजून चपलांचे दोन जोड होते.

एक दुर्गाबाईंचा, एक शालनबाईंचा, दोन्ही तिच्या ओळखीचे. दोघी विधवा. कुंकवाला या म्हटल्यावर त्या कशाला उठतील? आणि हे गोजाबाईच्याही ध्यानात येऊ नये? नऊ वर्षे ती स्वतः तबक दिसले की खांबाआड होत होती, आत्ताही झाली होती. गोजाबाईला स्वतःचीच शरम वाटली.

वरून खपलीएवढा गिलावा सुटून फरशीवर फुटला.

"चढू नका!" चांदभाई म्हणाला.

गोजाबाईने केरसुणी भिंतीला टेकवली आणि ती अनवाणी जिना चढू लागली. कठड्याला हात लावायचेही तिला धाडस होईना.

मागच्या बाकावर दोघी पदर सावरून बसल्या होत्या.

"गोजा, सभा कवा चालू व्हायची?" दुर्गाबाईंनी विचारले. "आमी हितंच बसतो बाई. खाली आमचं काय काम?"

गोजाबाईच्या पायाखाली फळी हलली. ती जिन्याची वाट मोकळी ठेवून कडेला सरकली आणि भिंतीला चिकटून उभी राहिली.

"माझं काम हाय," ती म्हणाली. "शालनबाई, पयल्यांदा तुमी चला. त्या खाली पोचल्या की दुर्गाबाई, तुमी. मी मागनं येते."