दुसऱ्या पट्टीपर्यंत

कण्याचा चौथा मणका पुन्हा निसटला, धुलाईघराच्या ओल्या फरशीवर पडला आणि गडगडत यंत्राखाली गेला.

“गेली पाठ,” सगळ्या जिला बडबडी म्हणतात ती म्हणाली. “मॅडम, आता हिला रजा मिळेल का?”

सगळ्या हसल्या. मीही हसले. प्लॅस्टिकचा तो कणा खांद्यावरच्या पिशवीत घालून मी तेव्हा अकरा वर्षं हिंडत होते. इस्पितळातल्या कर्मचाऱ्यांना पाठदुखी होऊ नये म्हणून उठायचं, बसायचं, उचलायचं कसं ते शिकवायचं, हे माझं काम. त्यासाठी वीस मिनिटं मिळतात. ती जेवणाच्या सुट्टीतून कापलेली असतात, त्यामुळे समोरच्या बायकांचा एक डोळा माझ्यावर आणि एक डब्यावर असतो. मी त्यांना दोष देत नाही. सलग तीन तास उभं राहिल्यावर मीही डब्याकडेच बघितलं असतं.

मुकादमाने काठीने मणका बाहेर ओढून दिला. मी तो पुसून जागेवर बसवला आणि नेहमीचं सुरू केलं. पाठ ताठ. वाकायचं ते गुडघ्यातून. ओझं पोटाशी धरायचं. वळायचं तर पावलांनी वळायचं, कमरेतून पीळ द्यायचा नाही.

“आता कुणीतरी करून दाखवा.”

यंत्रातून पिळून निघालेल्या चादरी पत्र्याच्या खोल गाडीत पडतात. तिथून त्या हाताने उपसून वाळवणीच्या यंत्रात घालायच्या, असं तिथलं काम. नुकतीच भरलेली एक गाडी समोर उभी होती.

“मावशीला आधी करू द्या,” बडबडी म्हणाली. “आमच्यात पहिली तीच.”

मावशी पुढे आल्या. साठीला टेकलेल्या, किडकिडीत, केस घट्ट बांधलेले. पाय फाकवून उभ्या राहिल्या, गुडघे दुमडले, चादरींचा गठ्ठा पोटाशी घेतला, पावलांनी वळल्या आणि यंत्रात टाकला. पाठ पहिल्यापासून शेवटपर्यंत फळीसारखी सरळ.

अकरा वर्षांत इतकं नेमकं कुणी करून दाखवलं नव्हतं. मी टाळ्या वाजवल्या. मोबाइल काढून फोटो घेतला. “बघा, हेच मी सांगत होते. मावशी, तुम्हाला कुणी शिकवलं?”

“कुणी नाही,” मावशी म्हणाल्या. “येतं आपोआप.”

बायका एकमेकींकडे बघत होत्या. मला वाटलं, कौतुकाने.

त्या फोटोचं पत्रक झालं. कार्यालयाला ते इतकं आवडलं की मोठं करून छापलं. मावशींच्या शेजारी हिरवी बरोबरची खूण, खाली माझी चार वाक्यं. धुलाईघराच्या भिंतीवर, स्वयंपाकघराबाहेर, जिन्याच्या वळणावर ते चिकटलं. मावशींना सगळे ‘फोटोवाली’ म्हणायला लागले. वर्षाच्या अहवालात मी ते पत्रक पहिल्या पानावर लावलं.

तीन महिन्यांनी मी पुन्हा गेले ती तपासणीसाठी. शिकवणीचा उपयोग झाला का, ते बघायचं असतं. प्रत्येकीला एक कागद द्यायचा. त्यावर माणसाची आकृती असते, पुढून आणि मागून. जिथे दुखतं तिथे फुली मारायची.

बडबडीने मान, दोन्ही खांदे आणि कंबर यांवर फुल्या मारल्या आणि वर विचारलं, “नवऱ्यासाठी जागा आहे का यात? डोकं तोच दुखवतो.” दुसरीने मनगटावर मारली. तिसरीने सगळीकडे मारली आणि मग मुकादम बघतोय असं वाटून निम्म्या खोडल्या. मावशींचा कागद मानेपासून टाचेपर्यंत कोरा होता.

“तुम्हाला काहीच दुखत नाही?”

“काही नाही.”

मुकादम मागून म्हणाला, “त्यांना काय धाड भरलीय. आता नव्या आलेल्या मुलींना मी त्यांच्याच हाताखाली देतो. गाडी वरपासून तळापर्यंत त्यांनी उपसून दाखवायची, मुलींनी बघायची. तुमचंच पत्रक आहे ना, म्हटलं वापर तरी होऊ दे.”

तो मनापासून बोलत होता. माझा सल्ला इतक्या गांभीर्याने घेणारा तो पहिलाच मुकादम होता.

मावशी उठल्या तेव्हा त्यांच्या हातातून पेन पडलं. त्या खाली बघून क्षणभर थांबल्या, मग पायाने पेन हळूच सरकवत भिंतीशी नेलं आणि तिथेच सोडून निघून गेल्या. मी ते पेन बघत राहिले. मग त्यांचे पाय आठवले. तिथे सगळ्यांना नाडीचे बंद बूट घालावे लागतात. मावशींच्या बुटांची नाडी कायमची शिवून टाकलेली होती, आणि टाच दाबून दाबून चपटी झाली होती.

इस्त्री केलेल्या चादरी ठेवतात त्या खोलीत मी त्यांना बोलावलं. दार लावलं.

“पाठ बघू द्या.”

“कशाला? फोटोत बघितलीत की.”

“मावशी.”

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी कमरेच्या हाडाच्या रेषेत पेनाने एक ठिपका काढला आणि त्याच्या वर बरोबर दहा सेंटिमीटरवर दुसरा. माणूस पुढे वाकला की कणा उलगडतो, कातडी ताणते, आणि हे दहाचे पंधरा होतात. मी फीत धरली आणि त्यांना वाकायला सांगितलं. त्या मांड्यांच्या सांध्यातून वाकल्या, हात गुडघ्यांपर्यंत आले आणि तिथेच थांबले. फितीवर साडेदहा दिसले.

मी पुन्हा मोजलं. साडेदहाच.

त्यांची पाठ सरळ होती कारण ती वाकतच नव्हती. किती वर्षांपासून, ते त्यांनाही सांगता आलं नाही. इतरांनी शिकावं म्हणून मी भिंतीभिंतीवर लावली ती पाठ तिथल्या सगळ्यांत वाईट पाठ होती. वीस मिनिटांचा वर्ग आटपायच्या घाईत ही एक चाचणी मी केली नव्हती. जिचं सगळं बरोबर दिसत होतं, तिला कशाला तपासायचं, असं वाटलं असणार.

“रात्री झोप लागते?”

“कूस बदलायची नसेल तोवर लागते.” त्या ब्लाउज सारखा करत होत्या. “नखं सून कापून देते. तिला सांगितलंय, डोळ्यांना खालचं दिसत नाही. चष्मा आणून दिला बिचारीने. आता तो पण घालावा लागतो.”

“मला का नाही सांगितलंत? पहिल्याच दिवशी?”

“दाराजवळ एक बाई असायची, तुम्ही यायच्या आधी. तिने सांगितलं. हलकं काम देतो म्हणाले.” मावशींनी चादरींची चळत उगीच नीट केली. “इथे हलकं काम म्हणजे घर. माझे चौदा महिने राहिलेत, मॅडम. चौदा महिने झाले की पेन्शन. आधी गेले तर काहीच नाही.”

माझ्या हातातल्या तपासणीच्या कागदावर सर्वांत खाली दोन चौकोन असतात. कामास योग्य. कामास अयोग्य. मावशींनी ते माझ्याआधी वाचले होते.

“पण तळापर्यंत उपसणं तुम्हाला कसं जमतं?”

त्या म्हणाल्या, “आधी जमवायला लागत नव्हतं. तुमच्या फोटोनंतर लागतं.”

गाडीच्या पत्र्याला आतून बाहेरून दिसणाऱ्या तीन आडव्या पट्ट्या आहेत. कितीतरी वर्षं तिथे एक रीत होती. कुणी ठरवलेली नव्हती, कुणाला सांगितलेली नव्हती. गाडी भरून आली की आधी मावशींनी लागायचं. चादरी वरून दुसऱ्या पट्टीपर्यंत खाली गेल्या की त्या काही न बोलता घड्या घालायच्या टेबलाकडे सरकायच्या आणि उरलेली गाडी दुसरी कुणी उपसायची. गरोदर बाईलाही तसंच, ताप येऊन गेलेलीलाही तसंच. वर्गाच्या दिवशी बडबडी “मावशीला आधी” म्हणाली, ते मानाने म्हणाली असं मी समजले होते. माझ्या फोटोतली गाडी काठोकाठ भरलेली होती. भरल्या गाडीपुढे कुणालाच वाकावं लागत नाही.

“आता मुकादम समोर उभा राहतो,” मावशी म्हणाल्या. “मुली बघत असतात. मधेच सरकू कशी? एक पाय मागे उचलून काठावर पोट टेकते. पाळण्यात वाकल्यासारखी. मुलींना वाटतं, ही पण पद्धतच.”

“मग त्याही तसंच करतात?”

“दोघी करतात.”

मी एका चळतीवर बसले. चादरींवर बसायला तिथे मनाई आहे.

“मला लिहावं लागेल,” मी म्हणाले. “तुम्ही हे काम करत राहिलात तर पाय बधिर होतील. हे मी थांबवायला हवं. त्यासाठीच पगार घेते.”

“लिहा ना.” त्या पहिल्यांदाच माझ्याकडे वळल्या, आधी पावलं, मग बाकीच्या. “माझी पाठ नका लिहू. गाडी लिहा. पाठ माझी एकटीची आहे. गाडी सगळ्यांची आहे.”

त्या दुपारी मी गाडी मोजली. काठ जमिनीपासून पंच्याण्णव सेंटिमीटर, तळ वीस. ओल्या चादरींच्या एका गठ्ठ्याचं वजन नऊ किलो. एका पाळीत एक बाई तळाशी किती वेळा वाकते, ते मी कोपऱ्यात स्टुलावर बसून रेघा मारत मोजलं. बडबडी जाता-येता विचारायची, “किती झाल्या माझ्या? बक्षीस कितव्याला?” पाळी संपली तेव्हा तिच्या नावावर एकशे बारा रेघा होत्या. माझी चारही वाक्यं पाळून त्या तळापर्यंत हात पोचवता येत नाही. मी स्वतः करून बघितलं. कुठूनतरी वाकावंच लागतं.

अहवाल सहा पानांचा झाला. चादरी कमी होतील तसा वर येणारा, स्प्रिंगचा तळ बसवावा, असं मी लिहिलं. मावशींच्या कागदावर दोन्ही चौकोन रिकामे ठेवले आणि शेरा दिला : तपासणी अपूर्ण. ते खोटं होतं. शिकताना आम्हाला सांगितलं होतं की मोजलेलं लपवायचं नाही. मी साडेदहा हा आकडा माझ्या वहीत लिहिला आणि वही घरी नेली.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. नव्या तळाच्या गाड्यांचा विचार पुढे कधीतरी होईल. पत्रक मात्र फार उपयुक्त आहे, त्याच्या आणखी चाळीस प्रती मंजूर.

मी ते पत्र दोनदा वाचलं. मग दुकानातून लाल चिकटपट्टीची चार भेंडोळी घेतली आणि धुलाईघरात गेले. प्रत्येक गाडीच्या आत, दुसऱ्या पट्टीवर, चारही बाजूंनी लाल पट्टी चिकटवली. मुकादम बघत उभा राहिला.

“हे काय?”

“या रेषेच्या खाली एकटीने उपसायचं नाही. गाडी कलती करायची, एकीने धरायची, दुसरीने काढायचं. काढणारी पन्नाशीच्या आतली हवी. नियम आहे.”

“कुणाचा?”

“शास्त्राचा,” मी म्हणाले. हे मात्र बरंचसं खरं होतं.

त्याने मान डोलावली. “मग पत्रकात का नाही लिहिलं?”

“चुकलं माझं.”

तो जरा गोंधळला. कार्यालयाकडून आलेलं कुणी असं म्हणताना त्याने ऐकलं नसावं. मग त्याने स्वतःच एका गाडीवरची सुटलेली चिकटपट्टी अंगठ्याने दाबून बसवली.

त्यानंतर मी तिथे दर दोन महिन्यांनी काहीतरी निमित्त काढून जात असे. लाल पट्ट्या ओलीने निघायच्या, मी नव्या लावायचे. काही फार सुधारलं असं मी म्हणणार नाही. बडबडीच्या मानेची फुली तशीच राहिली. घाई असली की मुली अजून एकटीने तळ गाठतात. पण गाडी भरून आली की मावशी लागायच्या, रेष दिसली की सरकायच्या, आणि आता ते मुकादमाच्या देखत व्हायचं.

चौदावा महिना संपला त्या दिवशी मी मुद्दाम गेले. निरोप वगैरे काही नव्हता. पाळी संपली, मावशींनी कपाट रिकामं केलं, किल्ली मुकादमाला दिली. बडबडीने भिंतीवरच्या पत्रकाकडे बोट केलं. “हा फोटो घेऊन जा घरी. सुनेला दाखव.”

“राहू दे तिथेच,” मावशी म्हणाल्या. “त्यात मी बरी दिसते.”

पिशवीत भरताना त्यांचा हातरुमाल खाली पडला. त्यांचा पाय तो सरकवायला पुढे आला. मी पटकन वाकले, बारा वर्षांची पिशवी खांद्यावर तशीच, कमरेतून, आणि रुमाल उचलून सरळ होताना डावीकडे अशी कळ आली की यंत्राचा आधार घ्यावा लागला.

“गुडघ्यातून, मॅडम,” मावशी हळूच म्हणाल्या. “गुडघ्यातून.”

रुमाल घेऊन त्या निघाल्या. धुलाईघरापासून फाटकापर्यंत लांब सरळ रस्ता आहे. आम्ही दारात उभ्या होतो. नव्या मुलींपैकी एक म्हणाली, “या वयात बघा कशी ताठ चालते.”

बडबडीने माझ्याकडे बघितलं.

फाटकाशी मावशी थांबल्या. नुसती मान फिरवून मागे बघणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. त्यासाठी अख्खं वळावं लागणार होतं. पिशवी त्यांनी पोटाशी घेतली, एक पाऊल फिरवलं, मग दुसरं, मग पुन्हा पहिलं, आणि आमच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.