पानिपतचं गिऱ्हाईक

दिल्लीत द्वारकेच्या त्या सोसायटीत कुणाला मिक्सर मागवायचा असो की गादी, आधी कुमुदताईंना विचारायचे. खोटा रिव्ह्यू त्या बसल्या जागी ओळखत. "नुसतीच स्तुती असली ना, की समजायचं लिहून घेतलंय. खरं गिऱ्हाईक एक तरी खोडी काढतंच."

मग लेकीने, स्वानंदीने, त्यांचं मेतकूट ऑनलाइन विकायला लावलं आणि बाई स्वतःच अडकल्या. महिना गेला, रिव्ह्यू एकही नाही. "कुणी तोंड उघडलं नाही तर दुकान बंद," त्यांनी जाहीर केलं. "आणि मैत्रिणींकडून खोटं लिहून घेतलंस तरी बंद. मला कुणाची कीव नको." घरात तरी कौतुक कुठे होतं? यजमान बळवंतराव सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. लग्नापासून जेवणावर त्यांचा शेरा एकच, "ठीक."

एका सकाळी रिव्ह्यू आला. पाच तारे, गुरमीत सिंग, पानिपत. कुमुदताईंनी नाश्त्याला तो मोठ्याने वाचला.

"'बुखार में नरम भात, घी और ये मेतकूट. बचपन याद आ गया.' अगं बाई! पानिपतचा सरदारजी तापात मेतकूट-भात खातो? आणि वर त्याला बालपण आठवतं? स्वानंदी, तूच लिहिलंस ना हे? कर बंद दुकान." बोलता बोलता त्यांचा आवाज चिरकला. वाईट वाटलं होतं त्यांना, फार.

"आई, शपथ, मी नाही यार!"

बळवंतरावांनी पेपरातून डोकं काढलं नाही. "खोटा कसा? मीठ कमी आहे असंही लिहिलंय की त्याने."

लिहिलं होतं खरं, अगदी शेवटी. पण ती ओळ कुमुदताईंनी लाजेपोटी मोठ्याने वाचलीच नव्हती.

स्वानंदीने चहात तोंड खुपसलं.

"लग्नापासून कमी आहे?" कुमुदताईंनी विचारलं.

"किंचित."

"मग बोलायला काय झालं होतं? मिठाची गुळणी धरून बसलात ती! आणि ते बालपण?"

"ते खरं आहे," बळवंतराव म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.

कुमुदताई तरातरा स्वयंपाकघरात गेल्या. पदराने डोळे पुसले, कढई चढवली, हरभऱ्याची डाळ भाजायला घेतली.

"आई, दुकानाचं काय करू?" स्वानंदीने बाहेरून विचारलं.

"चालू राहू दे," आतून आवाज आला. "रिव्ह्यू खरा आहे."